शनिवारी आजींचा गॅस कोण पेटवत होते त्याबाबत

पोलीस ठाणे, डोंबिवली (पश्चिम)
रविवार, दि. २९/१०/२०२३

नाव: मेघाली परशुराम नाखवा. वय: २८ वर्षे. व्यवसाय: खाजगी नोकरी (संशोधक). राहणार: चेंदणी कोळीवाडा, ठाणे.

आपण निरोप पाठवल्यावरून मी आज पोलीस ठाण्यात स्वतः आले असून, विचाराल त्याचे माहीत आहे तेवढे आणि माहीत आहे तसे सांगते.

मी वरील पत्त्यावर आई, वडील व आजी आवडाबाई यांच्यासह राहते. आम्ही कोळी. आजीने हयातभर ठाण्याच्या बाजारात मासळी विकली. मी वागळे इस्टेट येथील एका संस्थेत नोकरी करते. इंटरनेटवर कोणत्या समाजाविरुद्ध कोण काय विखारी लिहितो आणि ते कसे पसरते, याचा आम्ही अभ्यास करतो. जबाब लिहून घेणारे हवालदारसाहेब म्हणाले, म्हणजे दिवसभर शिव्या वाचता. होय, दिवसभर शिव्या वाचते आणि त्यांची वर्गवारी करते.

माझे शिक्षण एम.ए. (यहुदी अभ्यास) असे आहे. कोळ्याच्या मुलीने हे कुठून काढले असे आपण विचारले. हा प्रश्न घरच्यांपासून लग्न जुळवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारून झाल्यामुळे उत्तर तयार आहे. लहानपणी शाळा सुटली की मी बाजारात आजीच्या पाटीशेजारी बसत असे. तिच्या काही गिऱ्हाईक बायका कोळंबी कधी घेत नसत, खेकड्यांकडे ढुंकून बघत नसत, आणि पापलेट घेतानासुद्धा त्याला खवले आहेत ना, ते बघून घेत. साडी आमच्यासारखीच, गळ्यात मंगळसूत्र, मराठी मात्र आमच्याहून शुद्ध. आजी त्यांचा मासा साफ करताना शेपटीजवळचे खवले मुद्दाम राखून ठेवायची. मी कारण विचारले तर म्हणाली, त्यांच्या देवाला खवल्याशिवाय चालत नाय. याहून जास्त तिला माहीत नव्हते आणि माझे तेवढ्यावर समाधान होईना. ते विचारत विचारत मी शिष्यवृत्तीवर परदेशातील विद्यापीठापर्यंत गेले.

त्या बायका बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. धंदा तेल गाळण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून जुनी माणसे त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांपैकी श्रीमती मिल्काबाई डॅनियल झिराडकर, वय ७९, यांना मी मिल्काआजी म्हणते. एम.ए.चा प्रबंध मी ठाण्यातील बेने इस्रायलांवर लिहिला, आणि त्यातला निम्मा तरी टेंभी नाक्याजवळच्या त्यांच्या जुन्या घरी, त्यांच्या हातच्या आंबोळ्या खात लिहिला आहे. परत आल्यावर या पदवीला इथे कोणी विचारेना. सध्याच्या संस्थेने घेतले ते अशासाठी, की एखाद्या समाजाबद्दल आधी काय काय बोलले जाते आणि मग त्याचे काय केले जाते, हे मी बारकाईने वाचलेले होते. वाचलेले उपयोगी पडेल असे मला तेव्हा वाटले होते.

मिल्काआजी शब्बाथ पाळतात. शुक्रवारी सूर्यास्तापासून ते शनिवारी अंधार पडून तारे दिसेपर्यंत त्या विस्तव पेटवत नाहीत, विजेचे बटण दाबत नाहीत, लिहीत नाहीत. त्यांचे यजमान डॅनियल हे वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात कामाला होते. त्यांच्या शेजारच्या मशीनवर इस्माईल दाऊद मुकादम, राहणार कळवा, हे होते. शुक्रवारी नमाजाच्या वेळी डॅनियलकाका इस्माईलचाचांचे मशीन बघायचे आणि शनिवारी चाचा काकांचे. काका वारल्यापासून दर शनिवारी सकाळी इस्माईलचाचा आजींच्या घरी येतात. गॅस पेटवतात, चहा ठेवतात, देवखोली नसलेल्या त्या घरातला विजेचा एक दिवा लावतात, स्वतः चहा घेतात आणि जातात. त्यांच्याकडे बाहेरच्या लोखंडी दाराची किल्ली असते, कारण आजींचे गुडघे गेले आहेत आणि त्यांना उठायला वेळ लागतो. हे मी स्वतः अनेक वेळा पाहिले आहे. हे मात्र ऐकीव नाही.

टेंभी नाक्याची इमारत पुनर्विकासासाठी पाडली. नव्या इमारतीचा अजून पायाही भरलेला नाही. आजी यंदाच्या उन्हाळ्यापासून डोंबिवली पश्चिमेतील एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतात. ते घर सोसायटीच्या नवरात्रोत्सव मंडळाचे अध्यक्ष श्री. रवींद्र केणे यांच्या मेहुण्याचे आहे. चाचा इकडेही येऊ लागले. ते इतक्या सकाळी येतात की सोसायटीत त्यांना दूधवाल्याशिवाय कोणी पाहिले नसावे. मंडळाची पोरे त्या वेळी ढाराढूर झोपलेली असतात.

मंडळाविषयी माझी तक्रार काय, असे आपण विचारले. अडचण अशी आहे की त्यांनी जे केले ते प्रेमाने केले. आजींचा सिलेंडर वर चढवणारी, पाणी गेले तर बादल्या भरून देणारी हीच पोरे. या महिन्यात तिकडचे युद्ध सुरू झाले आणि आपल्या सोसायटीत एक यहुदी आजी राहतात हे मंडळाच्या एकदम लक्षात आले. घटस्थापनेच्या दिवशी मंडपात आजींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. निवेदक म्हणाला की आपल्या सोसायटीत प्रत्यक्ष इस्रायल राहतो. आजींनी माईकवर सांगितले की माझा जन्म रेवदंड्याचा, मुलगा तिकडे अश्दोदला असतो पण मी कधी विमानात बसलेली नाही, आणि सगळ्यांनी फराळाला या. मंडळाने त्याची छोटी चित्रफीत केली. त्यात आजींचे बोलणे काढून विमाने आणि ढोल घातले. गेटवर फ्लेक्स लावला. त्यावर आजींचा शाल पांघरलेला फोटो, मागे रणगाडा, खाली मंडळाच्या सर्व पदाधिकाऱ्यांचे फोटो, सोसायटीचे नाव आणि पत्ता. सत्कार झाला म्हणून आजी खूश होत्या. त्यांनी ती शाल मला दाखवली. रणगाडा त्यांना दिसला नव्हता, चष्मा घरी राहिला होता.

ही चित्रफीत मला कोणी पाठवली नाही. ती माझ्या कामात आली. ऑफिसात तपासायला येणाऱ्या मजकुरात एक उघडली आणि समोर मिल्काआजी. लाखो लोकांनी पाहून झाली होती. खाली आधी कौतुक होते. ते कौतुकही असे की त्यात आजींना नमस्कार आणि मुसलमानांना शिव्या एकाच ओळीत. मग दुसऱ्या बाजूच्या शिव्या आल्या. त्यानंतर एका खात्यावरून लिहिले होते की म्हातारीला घरासकट जाळू, पत्ता तर फ्लेक्सवरच आहे. ते खाते मुसलमान नावाचे होते. त्याच खात्यावरून गेल्या वर्षी दुसऱ्याच नावाने मुसलमानांविरुद्ध लिहिलेले मला सापडले. म्हणजे खरा माणूस कोण, कुठला, मला सांगता येत नाही. त्या दिवशी मी जेवले नाही.

माझ्या वरिष्ठ वल्लरी मॅडम यांना मी दाखवले. आमच्या कामात पद्धत ठरलेली आहे. पत्त्यासह जिवाची धमकी असेल तर तीन ठिकाणी कळवायचे: ज्या कंपनीच्या संकेतस्थळावर आहे तिला, पोलिसांना, आणि त्या माणसाजवळच्या एखाद्या विश्वासू स्थानिकाला. कंपनीचे उत्तर आले की सदर मजकूर आमच्या नियमांचा भंग करीत नाही. पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली, तिची पोच आली. राहिला विश्वासू स्थानिक. दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी श्री. केणे यांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, तुम्ही काय टेन्शन घेऊ नका. आपली पोरं हायेत. माशी आत जाणार नाय."

मी त्यांना काय काय सांगितले ते आपण नेमके विचारले. फ्लेक्स काढा असे सांगितले. दसऱ्यापर्यंत राहू द्या म्हणाले, आणि दसऱ्यानंतर काढला. चित्रफीत काढा असे सांगितले. ती आता आमच्या हातात कुठे आहे, असे म्हणाले, आणि ते खरे होते. आणि मी असे सांगितले की कोणी अनोळखी माणूस आजींच्या दाराशी आला तर लक्ष ठेवा. आमच्या पद्धतीत हे वाक्य असेच दिलेले आहे.

इस्माईलचाचा शनिवारी येतात हे सांगितले का, असे आपण विचारले. नाही सांगितले. लपवायचे म्हणून नव्हे. माझ्या डोक्यात चाचा अनोळखी नाहीत, त्यामुळे ते मला आठवलेच नाहीत. अनोळखी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ते खाते होते. मी हे कालपासून स्वतःला समजावते आहे आणि मला ते पटत नाही.

काल शनिवार दि. २८ रोजी मी आजींना भेटायला म्हणून सकाळी साडेसातच्या सुमारास सोसायटीत पोहोचले. जिन्यात आरडाओरडा ऐकू आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर इस्माईलचाचा पडलेले होते. डोक्याखाली रक्त होते. त्यांची एक चप्पल वर आजींच्या दाराशी होती. लोखंडी दाराला किल्ली लावलेली होती, ती मी पाहिली. आतले लाकडी दार बंद होते. शेजारी मंडळाचे सूरज व साईनाथ उभे होते, माझ्या फोननंतर मंडळाने जिन्यात पहारा बसवला होता. सूरजच्या हातात दांडियाची टिपरी नव्हती, क्रिकेटचा स्टंप होता. मी ओरडले की हे इस्माईलचाचा आहेत, आजींचे घरचे आहेत. साईनाथचा चेहरा पांढरा पडला. तो मला म्हणाला, "मग आधी सांगायचं ना, ताई."

मी खाली बसून चाचांच्या डोक्याखाली ओढणी धरली.

मारहाण होताना मी पाहिली का? नाही. जिना चढत होते. समोरच्या घरातील एका व्यक्तीने जाळीतून पाहिले. तिने मला सांगितले ते असे, की पोरांनी कोण म्हणून विचारले, चाचांनी नाव सांगितले. कशाला आलात म्हणून विचारले, तर चाचा म्हणाले की आजींचा चहा करायला आलोय. पोरे हसली, चहा करायला कोणी कळव्याहून येतो का. मग खिसे तपासले आणि त्यात गॅस पेटवायचा लायटर निघाला. त्यानंतर धराधरी झाली. त्या व्यक्तीचे नाव मी सांगणार नाही, तिने हात जोडून नको म्हटले आहे. नाव नसेल तर ते लिहून उपयोग नाही असे आपण म्हणालात. तरीही लिहावे अशी विनंती आहे.

लायटरबाबत. आजींच्या लायटरला ठिणगी पडत नव्हती. त्याआधीच्या शनिवारी काडीने गॅस पेटवताना चाचांचे बोट भाजले, म्हणून पुढच्या वेळी नवा आणतो असे ते माझ्यासमोर म्हणाले होते. पंचनाम्यात तोच लायटर 'आग लावण्याचे साधन' म्हणून जप्त दाखवला आहे. तो अजून वेष्टनात होता. वेष्टन पंचनाम्यात आलेले नाही.

चाचांना मी व रिक्षावाल्याने सरकारी रुग्णालयात नेले. ते शुद्धीवर नाहीत. दुपारी त्यांची मुलगी नसीम आली, तेव्हा खाटेशेजारी शिपाई बसलेला होता. श्री. केणे यांनी सकाळीच फिर्याद दिली होती की एक इसम आग लावण्याच्या तयारीने वृद्धेच्या घरात शिरत होता, मुलांनी अडवले, पळताना तो जिन्यावरून पडला. म्हणजे चाचा जखमी म्हणून दाखल झाले आणि संध्याकाळच्या आत आरोपी झाले. नसीमने शिपायाकडे पाहिले आणि मला विचारले, "आजी सांगतील ना?" मी म्हणाले, सांगतील, काल शब्बाथ होता म्हणून... मी चुकीचे लिहायला सांगितले, ते असे करावे. मी म्हणाले, आज शब्बाथ आहे म्हणून सही करणार नाहीत, तारे दिसले की सांगतील.

आपले अंमलदार दुपारी आजींकडे गेले होते आणि त्यांनी खरोखरच संध्याकाळी या म्हणून सांगितले होते. पण संध्याकाळपर्यंतचा वेळ रिकामा राहिला नाही. श्री. केणे आणि त्यांच्या पत्नी जेवणाचा डबा घेऊन आजींच्या घरी येऊन बसले. सूरजने पोलीस भरतीचा अर्ज भरला आहे, त्याच्यावर केस झाली तर पोराचे आयुष्य वाया जाईल, हे त्यांनी आजींना सांगितले. ते खोटे नाही. घर मेहुण्याचे आहे, हे सांगण्याची गरज नव्हती. सूरजची आई येऊन आजींच्या पाया पडून गेली. हे सर्व मला आजींनीच नंतर फोनवर सांगितले.

आजींचा जबाब आपण मला मघाशी वाचून दाखवला. त्यात आहे की, मी आतल्या खोलीत होते, बाहेर काय झाले ते मी पाहिले नाही. सदर इसम माझ्या मयत पतीच्या ओळखीचा आहे. मी त्याला बोलावले नव्हते.

यावर आपण विचारले की दोघींपैकी खोटे कोण बोलते. कोणीच नाही. शब्बाथला स्वतः विस्तव पेटवायचा नाही, तसे दुसऱ्याला पेटव म्हणून सांगायचेही नाही, अशी आजींच्या घरची रीत आहे. त्यामुळे या सगळ्या वर्षांत आजींनी इस्माईलचाचांना एकदाही या म्हटलेले नाही. गॅस लावा म्हटलेले नाही. आज गारठा फार आहे, एवढेच त्या स्वतःशी म्हणतात, आणि चाचा उठून चहा ठेवतात. हे माझ्या प्रबंधात एक अख्खे प्रकरण आहे. परदेशातल्या परीक्षकांना ते फार आवडले होते. हवे असल्यास मी ते आणून देईन. पुस्तकी पुरावा चालत नाही असे आपण म्हणालात.

आजींना सर्व माहीत असताना त्यांनी तेवढेच का सांगितले, असे आपण विचारले. मघाशी ऐकले तेव्हा मला त्यांचा संताप आला. रागारागाने मी इथूनच बाहेर जाऊन फोन लावला. त्यांनी आधी मी जेवले का ते विचारले. मग म्हणाल्या, "मी खोटं बोलले नाही गं, मेघा. मला इथनं उठवलं तर मी कुठं जाऊ?" मी म्हटले, माझ्याकडे या. त्या म्हणाल्या, तुम्ही चार माणसं दोन खोल्यांत झोपता, मला ठाऊक नाही का. ते खरे आहे. मुलगा तिकडे बोलावतो, पण तिथे रोज सायरन वाजतात. मग त्यांनी चाचांना शुद्ध आली का ते विचारले. आली नाही म्हटल्यावर त्या रडू लागल्या आणि फोन सुरूच राहिला. माझाही राग टिकला नाही. टिकला असता तर बरे झाले असते.

धमकी देणाऱ्या खात्याचे काय झाले हे मला आपल्याकडून कळू शकेल काय, असे मी विचारले. तो विषय या गुन्ह्यात येत नाही, असे उत्तर मिळाले. आज सकाळी मी पाहिले तेव्हा ते खाते चालू होते. चित्रफीतही चालू आहे. जिन्यातला चाचांचा फोटो तिच्याखाली कोणीतरी टाकला आहे आणि त्यावर लिहिले आहे की पकडला. उद्या सोमवारी तो वर्गवारीसाठी माझ्याच टेबलावर येईल. तो कोणत्या वर्गात टाकायचा ते मला माहीत आहे. त्याने काही होणार नाही हेही माहीत आहे.

माझे म्हणणे एवढेच की इस्माईल दाऊद मुकादम हे आग लावायला नव्हे, चहा करायला आले होते. हे मी पाहिले नाही, पण मला माहीत आहे. पाहिलेले आणि माहीत असलेले यांत कायदा फरक करतो, ते आपण मला समजावून सांगितले आणि ते मला समजले. आजींनी खरे सांगितले आहे, हेही माझ्या जबाबात यावे. नसीम सकाळपासून फोन करते आहे. आजींनी काय सांगितले ते तिला अजून मी कळवलेले नाही.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. एके ठिकाणी 'सदर संशयित' असे लिहिले होते, तिथे माझ्या सांगण्यावरून 'इस्माईलचाचा' असे केले. 'चाचा' हा शब्द सरकारी कागदात बसत नाही असे ते म्हणाले, पण त्यांनी तो राहू दिला. बाकी मी बोलले तसेच उतरले आहे. सही करते.

(सही)
मेघाली परशुराम नाखवा

समक्ष,
(सही)
ठाणे अंमलदार